आत्याच्या फोनवर न उघडणारी वेबसाइट

मागच्या भागात आपण जुन्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलबद्दल बोललो होतो. आजचा विषय तुमच्या हातातल्या फोनमधलाच आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

माझी आत्या शेंडीला राहते. अकोले तालुक्यातलं, भंडारदरा धरणाच्या कडेचं गाव. मे संपता संपता तिथे काजवे सुरू होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट लागेपर्यंत, घाटघर, पांजरे, मुरशेत या बाजूची झाडं रात्री लुकलुकत असतात. मुंबई, पुणे, नाशिकवरून गाड्याच्या गाड्या येतात. म्हणजे धंद्याचे दिवस किती, तर फार तर तीन आठवडे. आत्याने बचत गटातून कर्ज काढून बारा तंबू घेतले, घराशेजारच्या पडीक तुकड्यात लावले. मामांनी (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) दोन संडास बांधले. आणि मी, घरातला "कंप्युटरवाला", वेबसाइट बनवून दिली.

काय सुंदर दिसायची ती! वर पाच फोटोंचा सरकता स्लाइडर, खाली स्क्रोल केलं की एकेक चौकट डावी-उजवीकडून उडत यायची, आकडे शून्यापासून मोजत वर जायचे, दोन मिनिटं थांबलात तर "आजच बुक करा" म्हणून खिडकी उघडायची. मी ती संगमनेरला बसून, फायबरच्या कनेक्शनवर, मोठ्या स्क्रीनवर पेज बिल्डरने बनवली होती. एक ओळ कोड लिहिला नव्हता. चार दिवसांत काम फत्ते.

सीझनच्या पहिल्या शनिवारी आत्याचा फोन आला. "आरं, लोकं म्हणत्यात वेबसाइट उघडत नाय. नुसता भवरा फिरतोय." मी म्हटलं, तुझ्या फोनवर बघ. ती म्हणाली, "माझ्या फोनवर तर कधीच उघडली नव्हती. मला वाटलं, ती गिऱ्हाइकांसाठी असती."

हे वाक्य ऐकून मी गप्पच झालो. त्या शनिवारी बारापैकी चार तंबू लागले. शेजारच्याचे सगळे भरले होते. त्याच्याकडे वेबसाइट नव्हती, व्हॉट्सॲपवर तीन फोटो आणि एक नंबर होता.

दुसऱ्या दिवशी मी शेंडीला गेलो, तिच्या ओट्यावर उभा राहिलो आणि माझ्याच फोनवर माझीच साइट उघडली. रेंजची एक काडी. पान साधारण सहा एमबीचं होतं. हिशोब सोपा आहे: एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट. सहा एमबी म्हणजे अठ्ठेचाळीस. सेकंदाला एक मेगाबिट मिळत असेल तर अठ्ठेचाळीस सेकंद लागणार, आणि ओट्यावर तेवढंही मिळत नव्हतं. घाट उतरताना, गाडीतून फोन करणारं गिऱ्हाईक अठ्ठेचाळीस सेकंद थांबेल का? मी थांबलो नसतो.

मग मी शोधायला लागलो की हे असं झालं कसं. कुणी मुद्दाम जड साइट बनवत नाही. मीही बनवली नव्हती. तर आजचा भाग त्या शोधाचा आहे.

सुरुवात जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेपासून करू. १९९० च्या शेवटी टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट नावाच्या कंप्युटरवर पहिला ब्राउझर लिहिला. आता गंमत बघा: तो ब्राउझर नुसता पानं दाखवणारा नव्हता, त्यातच पान लिहिता यायचं. अक्षरं निवडा, मथळा करा, लिंक जोडा, आणि जसं दिसतंय तसंच राहील. म्हणजे आज आपण ज्याला व्हिज्युअल एडिटर म्हणतो, तो वेबच्या जन्माबरोबरच होता. "खरा डेव्हलपर हाताने कोड लिहितो" असं छाती फुगवून म्हणणाऱ्यांना मी आता हे आवर्जून सांगतो.

पण नेक्स्टचे कंप्युटर महाग, मोजक्या लोकांकडे. सगळ्या मशीनवर चालेल असा साधा ब्राउझर हवा होता, तो निकोला पेलो या विद्यार्थिनीने १९९१ च्या सुमारास लिहिला. त्यात फक्त वाचता यायचं. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला, तो तुफान चालला, आणि तोही वाचण्यापुरताच. तेव्हापासून वाचणारा आणि लिहिणारा वेगळे झाले. लिहायचं तर एचटीएमएल शिका. आणि ज्यांना शिकायचं नव्हतं किंवा वेळ नव्हता, त्यांच्यासाठी कुणीतरी मधे यंत्र बनवणार हे ठरलेलंच होतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला हा प्रकार आपल्याकडे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीही दिसतो. मराठी छपाईत दोन वाटा होत्या. एक शिळाछाप. दगडावर पानच्या पान हाताने काढायचं, अक्षरं, नक्षी, चित्र सगळं एकत्र, आणि ते छापायचं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते असंच. दुसरी वाट खिळ्यांची, म्हणजे टाइपची. एकेक अक्षर वेगळं ओतलेलं, ते जुळवायचं, छापून झालं की सोडवून पुन्हा वापरायचं. आपल्या नगरमधून १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' निघू लागलं, त्या काळात मराठीत या दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालू होत्या. शिळाछाप सुरू करायला सोपी, कारण देवनागरीचे शेकडो खिळे ओतत बसावं लागत नाही. पण एक शब्द बदलायचा म्हटलं की पंचाईत. खिळ्यांना आधी खर्च आणि कारागीर लागतात, मग मात्र बदल चुटकीसरशी. स्वतः गणपत कृष्णाजीही पुढे खिळे बनवण्याकडे वळले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपची फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. पण शिळाछाप काही लगेच मेली नाही. पत्रिका, नकाशे, चित्रं यांना तीच बरी पडायची.

हे डोक्यात ठेवा. परत वेबवर येऊ.

१९९४ मध्ये जिओसिटीज सुरू झाली. फुकट जागा घ्या, आपलं पान बनवा. चमकणारी अक्षरं, नाचणारी चित्रं, पान उघडलं की वाजणारं गाणं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी १९९६ मध्ये व्हर्मीर ही कंपनी विकत घेऊन फ्रंटपेज आपल्याकडे आणलं. १९९७ च्या शेवटी मॅक्रोमीडियाने ड्रीमवीव्हर काढलं. माउसने ओढा, सोडा, पान तयार. पण आत काय व्हायचं? सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालं खरं, पण ब्राउझर त्याला धड ओळखत नव्हते. म्हणून मांडणीसाठी टेबलं वापरायची. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल, आणि मधली जागा भरायला एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र. फ्रंटपेजने लिहिलेला कोड उघडून बघितलेला माणूस अजूनही त्याची आठवण काढून हसतो.

तरी त्या काळची पानं आजच्यापेक्षा हलकी असायची, आणि त्यामागे कुणाचा शहाणपणा नव्हता, नाइलाज होता. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, फोनच्या तारेवरून. पुढे ५६ केबीपीएसचा मॉडेम आला तरी प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच केबी पदरात पडायचे. शंभर केबीचं पान म्हणजे वीस-पंचवीस सेकंद. आणि तेवढा वेळ फोनचं मीटर चालू. संगमनेरच्या सायबर कॅफेत मी शाळेत असताना जायचो, तेव्हासुद्धा लोक ब्राउझरमध्ये चित्रं बंद करून रेल्वेचे निकाल बघायचे.

मराठी पानांची तर वेगळीच कथा. मायबोली सुरू झाली १६ सप्टेंबर १९९६ ला, त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला. तेव्हा युनिकोड देवनागरी होतं, पण कागदावर. लोकांच्या कंप्युटरवर ते दिसायची सोय नव्हती. मग काय करायचे? एक तर शिवाजीसारखा फॉन्ट आधी उतरवून घ्या म्हणून सांगायचे. किंवा मराठी मजकुराचं चक्क चित्र काढून पानावर डकवायचे. वर्तमानपत्रांनी डायनॅमिक फॉन्ट वापरले, म्हणजे पानासोबत फॉन्टही आपोआप यायचा, पण तो या ब्राउझरला चालायचा, त्या ब्राउझरला नाही. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि वजन मजकुराच्या कितीतरी पट. विंडोज २००० पासून देवनागरी नीट दिसू लागली, २००४ मध्ये मनोगत युनिकोडवर सुरू झालं, आणि मग मराठी वेब हळूहळू चित्रांतून बाहेर पडून अक्षरांवर आली.

म्हणजे आपण एकदा शिळाछापेतून खिळ्यांवर आलो होतो. तर आता पुढचा फेरा.

२७ मे २००३ ला वर्डप्रेस आलं. मजकूर डेटाबेसमध्ये, दिसणं थीममध्ये. वेगळं वेगळं. मथळा बदलायचा तर मजकुराला हात लावायची गरज नाही, रंग बदलायचा तर थीममध्ये एका जागी बदला. चांगली व्यवस्था होती. पण गिऱ्हाइकाला काय हवं असतं? "हा फोटो जरा उजवीकडे घ्या. इथे दोन कॉलम करा. त्या पानावर वेगळं करा." प्रत्येक वेळी डेव्हलपरला फोन. डेव्हलपर उचलत नाही. (मीही उचलत नाही, खरं सांगतो.)

या त्रासातून २०११ मध्ये व्हिज्युअल कंपोझर नावाचं प्लगिन आलं, आज ते डब्ल्यूपीबेकरी नावाने ओळखलं जातं. विकत मिळणाऱ्या थीमसोबत ते फुकट जोडून यायचं, त्यामुळे जगभर पसरलं. त्यात तुम्ही चौकटी ओढून पान रचायचात आणि ते आतमध्ये चौकटी कंसातले खुणेचे शब्द लिहून ठेवायचं. प्लगिन बंद केलं की पानावर मजकुराऐवजी त्या कंसांची रांग दिसायची. हजारो लोक यामुळे अडकले. दगडावर काढलेलं पान दुसऱ्या छापखान्यात नेता येत नाही, तसंच.

आणि इथे गोष्ट आपल्या जवळ येते. पुण्यात ब्रेनस्टॉर्म फोर्स नावाची कंपनी आहे. तिने व्हिज्युअल कंपोझरसाठी जादा भागांचा एक संच विकायला काढला: आणखी बटणं, आणखी हलणाऱ्या चौकटी, आणखी आयकॉन. तो प्रचंड चालला. पुढे बीव्हर बिल्डर आलं, त्यासाठी त्यांनी संच काढला. एलिमेंटर आलं, त्यासाठीही काढला. म्हणजे पेज बिल्डरच्या बाजारात पुण्याचं दुकान अगदी मोक्याच्या जागी होतं.

त्याच कंपनीने २०१७ मध्ये ॲस्ट्रा नावाची थीम काढली. तिची जाहिरात काय होती? की ही थीम पन्नास केबीपेक्षा कमी वजनाची आहे, आणि जेक्वेरीवर अवलंबून नाही. ज्यांनी जादा भाग विकून धंदा उभा केला, तेच आता हलकेपणा विकत होते! सुरुवातीला मला हा दुटप्पीपणा वाटला. नंतर वाटलं, उलट यांनाच सगळ्यात आधी कळलं असणार की कुठे दुखतंय. हजारो गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यांच्याकडेच येत असतील. ॲस्ट्रा पुढे दहा लाखांहून जास्त साइटवर गेली. वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीम सोडल्या तर तिथवर पोचणारी ती पहिली. आपल्या इथल्या माणसांनी केलेली गोष्ट जगातल्या एवढ्या साइटखाली पाया म्हणून बसली आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? मलाही शेंडीच्या त्या शनिवारनंतरच कळलं.

पण थीम हलकी असून भागत नाही. माझ्या आत्याच्या साइटची थीमही हलकीच होती. वरचा डोलारा जड होता.

तो डोलारा समजून घ्यायचा तर २०१६ साल बघा. जूनमध्ये इस्राएलमधून एलिमेंटर आलं. फुकट, देखणं, समोर दिसतं तसंच बनतं. आणि ५ सप्टेंबरला जिओ आलं. डेटा अचानक पाण्यासारखा झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आपल्याकडे त्यांची गाठ पडली. तालुक्याच्या गावात एका खोलीत क्लास निघाले, "पंधरा दिवसांत वेबसाइट डिझायनर". मीही अशाच एका क्लासमधून शिकलो. सरांनी कधी पानाचं वजन हा शब्द उच्चारला नाही. त्यांचाही दोष म्हणवत नाही. डेटा होता, गिऱ्हाईक खूश होतं, स्क्रीन मोठी होती.

आमच्या डोक्यात वेबसाइट म्हणजे फ्लेक्स होता. नगरच्या कुठल्याही डीटीपीवाल्याकडे बसून बघा: गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसतं आणि "साहेबांचा फोटो अजून मोठा" म्हणत राहतं. फ्लेक्स कितीही भरगच्च केला तरी बघणाऱ्याच्या खिशाला तोशीस नाही. वेबसाइटचा प्रत्येक फोटो मात्र बघणाऱ्याच्या डेटातून जातो. हा फरक आम्हाला कुणी सांगितला नाही.

आता आत काय होतं ते सांगतो, कंटाळू नका. एलिमेंटरच्या सुरुवातीच्या काळात पानावर एक साधं वाक्य टाकलं तरी त्याच्याभोवती डब्यात डबा, डब्यात डबा असे कितीतरी डिव्ह तयार व्हायचे: विभाग, त्यात कंटेनर, त्यात रांग, त्यात कॉलम, त्यात गुंडाळी, त्यात विजेट, त्यात पुन्हा एक डबा, आणि मग ते वाक्य. पान मोठं झालं की असे हजारो डबे. फोनला प्रत्येक डब्याची जागा मोजावी लागते. त्यावर हलवणाऱ्या, उडवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फाइली. ही गोष्ट लक्षात घ्या: फोटो जड असेल तर तो उतरायला वेळ लागतो, पण एकदा उतरला की संपलं. जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनच्या मेंदूला ती वाचून चालवावीही लागते. आत्याचा सात-आठ हजारांचा फोन तिथे गुदमरतो. म्हणून "आमच्याकडे फाइव्हजी आलं" म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

एलिमेंटरवाल्यांनी हे ऐकलं नाही असं नाही. २०२० मध्ये तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी काही डबे काढून टाकले, २०२२ मध्ये कंटेनरची नवी पद्धत आणली, त्यात डबे आणखी घटले. पण जुन्या पद्धतीने बनवलेलं पान आपोआप बदलत नाही. ते कुणीतरी बसून बदलावं लागतं, आणि तो कुणीतरी फोन उचलत नाही.

वर्डप्रेसने स्वतः ६ डिसेंबर २०१८ ला पाचव्या आवृत्तीत गुटेनबर्ग हा ब्लॉक एडिटर आणला. नाव छापखान्यावरूनच, बरं का. तेव्हा लोकांनी केवढी बोंब मारली होती! मीही मारली. जुना एडिटर परत आणणारं प्लगिन टाकून मोकळा झालो. त्याचा फायदा मला चार-पाच वर्षांनी कळला: ब्लॉक शेवटी साधं एचटीएमएल लिहून ठेवतात, अधेमधे टिपांच्या खुणा. उद्या एडिटर काढून टाकला तरी परिच्छेद परिच्छेदच राहतो. दिसायला व्हिज्युअल, आत खिळे. २०२२ च्या जानेवारीत पूर्ण साइटच ब्लॉकने रचायची सोय आली.

मधल्या काळात मोजणारेही तयार झाले होते. याहूमधल्या स्टीव्ह साउडर्सने २००७ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की थांबण्याचा ऐंशी-नव्वद टक्के वेळ सर्व्हरवर नाही, ब्राउझरच्या बाजूला जातो. गूगलने २०१० मध्ये वेग शोधाच्या क्रमवारीत धरला, २०१८ मध्ये मोबाइलसाठीही. २०२० मध्ये कोअर वेब व्हायटल्स आले: मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी, बोट लावल्यावर लगेच प्रतिसाद मिळावा, आणि वाचता वाचता पान उड्या मारू नये. प्रतिसादाचं जुनं मोजमाप मार्च २०२४ मध्ये बदललं, आता दोनशे मिलिसेकंदांच्या आत हवा. पेजस्पीड इनसाइट्सवर कुठलाही पत्ता टाकून तुम्ही हे फुकट बघू शकता. आपल्या गावातल्या पाच दुकानांच्या साइट टाकून बघा एकदा.

मराठी साइटचं एक जादा ओझं मात्र या इंग्रजी लेखांत कुठे सापडत नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. अर्थात सर्व्हर मजकूर दाबून पाठवतो, त्यामुळे हे फार अंगावर येत नाही. अंगावर येतो तो फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीच्या कितीतरी पट मोठी असते. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घ्या, फार छान फॉन्ट आहे, त्याला सात जाड्या आहेत. पेज बिल्डरमध्ये मथळ्याला एक, बटणाला दुसरी, मजकुराला तिसरी असं निवडत गेलो की प्रत्येक जाडीची फाइल वेगळी उतरते. आत्याच्या साइटवर मी दोन मराठी फॉन्टच्या मिळून सहा जाड्या लावल्या होत्या, दोनशे शब्दांच्या मजकुरासाठी. वास्तविक अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो. काहीच उतरवायची गरज नव्हती.

आणि पत्ता. पानाच्या पत्त्यात मराठी शब्द टाकला की व्हॉट्सॲपवर पाठवताना एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'शेंडी' या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस अक्षरांची टक्केवारीची माळ. लोकांना वाटतं व्हायरस आहे, उघडतच नाहीत.

बरं, मग मी काय केलं? रागाच्या भरात सगळं पुसून हाताने एचटीएमएल लिहिलं. एक पान, एक फाइल, वर मोठ्या अक्षरात फोन नंबर, दाबला की थेट फोन लागतो. फोटो चारच, वेबपी या प्रकारात दाबून बारीक केलेले. फोटोंसकट तीनशे केबीच्या आत. ओट्यावर चार-पाच सेकंदांत उघडलं. उरलेल्या सीझनचे शेवटचे दोन शनिवार तंबू भरले, कर्जाचा त्या वर्षीचा हप्ता गेला. मी गावभर सांगत सुटलो की पेज बिल्डर म्हणजे पाप.

पुढच्या वर्षी आत्याने दर वाढवले. मला फोन केला, मी एका लग्नात होतो, म्हटलं करतो. विसरलो. शनिवारी एक कुटुंब जुना दर दाखवत उभं राहिलं, मामांशी वादावादी झाली, शेवटी जुन्याच दरात राहिले. आत्या मला काही बोलली नाही. मामा म्हणाले, "तुझी ती आधीची जड होती, पण दर तरी पोरीला बदलता येत होता." पोरगी म्हणजे माझी आतेबहीण, बारावीला होती तेव्हा. तिला पेज बिल्डर येत होता. माझं हाताने लिहिलेलं पान तिच्यासाठी कुलूपबंद होतं.

तेव्हा कुठे माझा ताठा उतरला. तिसऱ्यांदा साइट केली ती वर्डप्रेसवर, हलकी थीम, ब्लॉक एडिटर, फोनमधलाच फॉन्ट, एकही स्लाइडर नाही. दर एकाच ब्लॉकमध्ये ठेवला, तो बहीण फोनवरून बदलते. तयार झालेली पानं साठवून ठेवणारं कॅशचं एक प्लगिन आहे. फोटो खाली सरकल्यावरच उतरतात, ती सोय वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० पासून आपोआप आहे. फक्त पहिला फोटो असा लांबणीवर टाकायचा नाही, नाहीतर तोच उशिरा दिसतो. पान हाताने लिहिलेल्यापेक्षा शंभरेक केबी जास्त आहे. मी ते मान्य केलंय.

याच काळात आपल्या जिल्ह्याचं नावही बदललं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि माझ्याकडच्या नऊ साइटच्या मालकांनी एकाच आठवड्यात फोन केले. ज्यांचा पत्ता टेम्प्लेटमध्ये एका जागी होता, त्यांचं काम दोन मिनिटांत झालं. बिल्डरने प्रत्येक पानावर वेगळा डकवलेला पत्ता शोधत बसायला दोन दिवस गेले. एका साइटवर तर पत्ता बॅनरच्या चित्रातच होता, आणि चित्राची मूळ फाइल ज्याच्याकडे होती तो डीटीपीवाला गाव सोडून गेला होता. ते चित्र अजून तसंच आहे.

गेल्या सीझनला मी शेंडीला होतो. आत्याने धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून स्वतःच्या फोनवर साइट उघडली, वर-खाली केली. काजव्यांचा फोटो तिला आवडला नाही, "काळंच दिसतंय सगळं" म्हणाली. मग म्हणाली, "आरं, उघडल्यावर गाणं नाय का वाजवता येणार?"

मी अजून हो म्हटलेलं नाही.